फुटबॉल क्लब, कनिष्ठ श्रेणीतील : महासाथीचे आर्थिक परिणाम

सर्वोच्च व्यावसायिक साखळीखालील श्रेणींत खेळणाऱ्या फुटबॉल क्लबांच्या अर्थव्यवहारावर कोविड-१९ च्या महासाथीने (२०२०–२२) घडवून आणलेले परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ जाहीर केली आणि पुढील काही दिवसांतच बहुतेक देशांतील फुटबॉल सामने थांबले. मोठ्या क्लबांचे मुख्य उत्पन्न दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणहक्कांतून येत असल्याने रिकाम्या प्रेक्षागारातही सामने भरवून त्यांना आपली बाजू बरीचशी सावरता आली. कनिष्ठ श्रेणीतील क्लब मात्र तिकीटविक्री, स्थानिक देणगीदार, प्रशिक्षणशुल्क व स्पर्धांची पारितोषिके यांवर चालतात. हे सर्व स्रोत मैदानावर माणसे जमण्याशी निगडित असल्यामुळे ते एकाच वेळी आटले.

या हानीचे स्वरूप सर्वत्र सारखे नव्हते. इंग्लंडमध्ये तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील खेळाडूही करारबद्ध, पूर्णवेळ वेतनावरील असतात. त्यामुळे तेथे प्राप्ती थांबली तरी खर्च थांबला नाही. या दोन्ही श्रेणींचा हंगाम जून २०२० मध्ये गुंडाळून प्रतिसामना सरासरी गुणांवर क्रमवारी ठरविण्यात आली. शासनाने रजेवर पाठविलेल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा ८० टक्के भाग (दरमहा कमाल २,५०० पौंड) उचलला आणि डिसेंबर २०२० मध्ये प्रीमियर लीगने या दोन श्रेणींसाठी ५ कोटी पौंडांचे साहाय्य मान्य केले. तरीही १८७४ मध्ये स्थापन झालेला मॅकल्सफील्ड टाउन हा क्लब सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झाला. अर्थात त्याचा कर्जबाजारीपणा साथीपूर्वीचाच होता. साथीने अशा क्लबांना नवा रोग जडविला असे म्हणण्यापेक्षा जुना रोग बळावला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

महाराष्ट्रात फुटबॉल क्लब या संज्ञेत परस्परांहून अगदी भिन्न अशा संस्था मोडतात. त्यांपैकी कोल्हापूरची व्यवस्था सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण आहे. तेथे क्लबचे स्थान पेठेतील तालमीने घेतले आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ इ. संघ कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या (के. एस. ए.) साखळी स्पर्धेत आणि तिच्या जोडीने भरणाऱ्या बाद पद्धतीच्या चषक स्पर्धांत खेळतात. सामने मुख्यत्वे शाहू स्टेडियमवर होतात आणि पेठापेठांतील चुरशीमुळे ते तिकीट काढून पाहणारा मोठा प्रेक्षकवर्ग तेथे आहे. राज्यात अन्यत्र स्थानिक सामन्यांना असा पैसे देऊन येणारा प्रेक्षक क्वचितच लाभतो. चषक स्पर्धांची पारितोषिके स्थानिक पुढारी, व्यापारी व उद्योजक पुरस्कृत करतात. संघाचा पोशाख, प्रशिक्षक, बाहेरगावच्या व परदेशी खेळाडूंची निवासव्यवस्था आणि हंगामापुरते मानधन यांचा भार पेठेतील देणगीदार वाहतात.

मार्च २०२० मध्ये हा हंगाम भर रंगात असताना थांबला. हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपत असल्याने टाळेबंदीचा घाव नेमका मिळकतीच्या महिन्यांवर बसला. पुढील वर्षीही एप्रिल २०२१ मध्ये राज्यात ‘ब्रेक द चेन’ या नावाने पुन्हा कडक निर्बंध आले, म्हणजे लागोपाठ दोन उन्हाळे हातचे गेले. त्यातच ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांनी शहरातील व्यापाराला, पर्यायाने देणगी देणाऱ्या वर्गालाच फटका दिला होता. इतके होऊनही प्रमुख तालमी बुडाल्या नाहीत. याचे कारण त्यांच्या अर्थव्यवहाराच्या अनौपचारिकपणात आहे. दीर्घ मुदतीचे करार नाहीत, मासिक वेतनपट नाही. खेळ थांबला की मानधनही थांबते. जे दायित्व इंग्लंडमध्ये क्लबच्या ताळेबंदात नोंदले गेले, ते कोल्हापुरात खेळाडूच्या घरखर्चावर येऊन पडले. किरकोळ नोकरी, दुकान किंवा रोजंदारी यांवर निर्वाह करणाऱ्या खेळाडूला हंगामाचे मानधन हा मोठा आधार असतो. टाळेबंदीत रोजगार आणि मानधन दोन्ही एकदम गेली, आणि वेतनपटच नसल्यामुळे कोणत्याही साहाय्ययोजनेत त्याची गणना होणे अशक्य होते. क्लबांच्या हिशेबवह्यांवरून या साथीची हानी मोजू पाहणाऱ्यास कोल्हापूर जवळजवळ सुरक्षित दिसेल, आणि ते चित्र दिशाभूल करणारे असेल.

मुंबईची स्थिती वेगळी. तेथील कनिष्ठ फुटबॉल दीर्घकाळ गिरण्या, बँका, रेल्वे व अन्य आस्थापनांच्या संघांवर पोसला गेला. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा स्पोर्ट्‌स क्लब यांसारखे संघ गेल्या शतकातच किंवा त्यानंतर क्रमाक्रमाने मागे पडले. महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये संघ बंद करण्याचे जाहीर केले. त्यांची जागा अंशतः प्रशिक्षण-अकादमींवर उभ्या असलेल्या क्लबांनी घेतली. असा क्लब पालकांकडून मिळणाऱ्या मासिक शुल्कावर चालतो व त्यातूनच वरिष्ठ संघाचा खर्च भागवितो. मैदाने व शाळा बंद झाल्यावर शुल्क थांबले. प्रशिक्षकांचे मानधन, मैदानाचे भाडे व साठविलेल्या साहित्याची देखभाल हे प्रश्न मात्र उरले. दूरस्थ पद्धतीने व्यायामवर्ग घेण्याचे प्रयोग झाले, तथापि चेंडूचा खेळ पडद्यावर शिकविण्यास स्वाभाविक मर्यादा होत्या.

मुंबईच्या फुटबॉलला आणखी एक अडचण होती आणि तिचा विचार सहसा क्रीडाविषयक लेखनात होत नाही. ही अडचण म्हणजे उपनगरी रेल्वे. शहरातील खेळाडूंचा एक मोठा वर्ग वसई-विरार पट्ट्यातून येतो. वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत फुटबॉलची आवड जुनी आहे. नालासोपारा पूर्वेकडील तुळिंजसारख्या दाट वस्तीच्या भागांत कष्टकरी कुटुंबांतील मुले मिळेल त्या मोकळ्या जागेत हा खेळ खेळतात. नालासोपारा ते चर्चगेट हे अंतर सु. ५६ किमी. असून कूपरेज मैदान चर्चगेटपासून जवळ आहे. मासिक पासावर हा प्रवास अल्प खर्चात होतो. रस्त्याने तो वेळ व पैसा या दोन्ही दृष्टींनी परवडत नाही. मार्च २०२० मध्ये लोकलसेवा बंद झाली. जूनमध्ये ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ठराविक वेळांपुरती सर्वांना मिळालेली मुभा एप्रिलमध्ये पुन्हा गेली. लशीच्या दोन मात्रा घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास करता आला. परंतु अठरा वर्षांखालील मुलांना त्या वेळी लसच उपलब्ध नव्हती. परिणामी मैदाने अंशतः खुली झाल्यानंतरही या पट्ट्यातील कुमार खेळाडू शहरातील क्लबांपासून तुटलेलेच राहिले. त्यांच्या शुल्काला क्लब मुकले आणि त्यांच्या प्रशिक्षणाचे दीड वर्ष वाया गेले.

मुंबईच्या केंकरे फुटबॉल क्लबचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. अकादमीतून वाढलेल्या या क्लबला २०२१-२२ च्या आय-लीगमध्ये प्रवेश मिळाला. परंतु संसर्गाच्या भीतीने ती सर्व स्पर्धा पश्चिम बंगालमध्ये एकत्र भरविण्यात आली. पहिल्याच फेरीनंतर खेळाडूंना लागण झाल्याने ती डिसेंबर २०२१ अखेरीस स्थगित होऊन मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. वरच्या श्रेणीत पोहोचूनही क्लबला त्या हंगामात स्वतःच्या शहरात एकही सामना खेळता आला नाही. म्हणजे तिकीटविक्री व स्थानिक पुरस्कर्ते मिळविण्याची संधीच आली नाही.

गोव्यात विरोधाभास अधिक ठळक होता. इंडियन सुपर लीगचे २०२०-२१ व २०२१-२२ हे दोन्ही हंगाम फातोर्डा, बांबोळी व वास्को येथील मैदानांवर जैवसुरक्षा कवचात, बहुतांशी प्रेक्षकांविना पार पडले. देशातील सर्वाधिक पैशाचा फुटबॉल गोव्यात अखंड चालू असताना तेथील गावोगावच्या क्लबांचे सामने व आंतरग्राम स्पर्धा बंद किंवा खंडित होत्या. गोव्यातील क्लबांना पूर्वी खाणमालकांचा मोठा आश्रय होता. तथापि २०१२ पासून खाणव्यवसाय वारंवार बंद पडला आणि साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व धेंपो हे क्लब २०१६ मध्येच आय-लीगमधून बाहेर पडले. पुढे पर्यटनही थंडावल्यावर लहान क्लबांना दुसरा आश्रयदाता शोधणे दुरापास्त झाले.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एप्रिल २०२० मध्ये आय-लीग २८ सामने शिल्लक असतानाच संपविली. मोहन बागानला विजेता ठरवून उर्वरित पारितोषिकाची रक्कम अन्य क्लबांत समान वाटण्यात आली व कोणत्याही संघाची पदावनती झाली नाही. हा निर्णय न्याय्य होता. परंतु जिल्हा व शहर पातळीवरील क्लबांकडे वाटण्याजोगी रक्कमच नव्हती.

अप्रत्यक्ष आर्थिक हानी स्पर्धा रद्द होण्यातून झाली. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असून रेल्वे, पोलीस इ. सेवाही खेळाडूंची भरती करतात. त्यासाठी विहित स्पर्धांतील सहभागाची प्रमाणपत्रे लागतात. २०२०-२१ ची संतोष करंडक स्पर्धा झाली नाही. शालेय संघांची सुब्रतो चषक स्पर्धा २०२० व २०२१ अशी दोन्ही वर्षे रद्द झाली. २०२० मध्ये पंधरा-सोळा वर्षांचा असलेला खेळाडू सुब्रतो चषक २०२२ मध्ये पुन्हा सुरू होईपर्यंत सतरा वर्षांखालील वयोगटातून बाहेर पडला होता. त्याच वर्षी एप्रिल-मे मध्ये मलप्पुरम येथे संतोष करंडकाचे अंतिम सामने झाले व केरळने तो जिंकला.