डिकीवरचं नाव

मुलाला पहिली नोकरी लागली आणि त्यानं जाहीर केलं, "बाबा, जुनी मस्टँग घेतोय. साधी नाही, सलीनची!" साध्या मस्टँगपेक्षा आठ हजार डॉलर जास्त. आमचं आयुष्य कॅमरीत गेलेलं. मी विचारलं, "हे आठ हजार कशाचे? नावाचे?"

नावाला किंमत नसते असं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा डॉन येन्को हा शेव्हरोलेचा डीलर, स्वतः रेसिंग करणारा. कंपनी तेव्हा कॅमॅरोत 400 घनइंचांहून मोठं इंजिन घालत नसे. येन्कोनं 1969 साली खास ऑर्डरची पळवाट शोधून 427 घनइंच इंजिनाच्या सुमारे दोनशे गाड्या थेट कारखान्यातूनच बनवून घेतल्या. आज त्यांना लाखो डॉलर मिळतात, कारण नावामागे इंजिन आहे आणि कागदपत्रंही. आजचे डीलर डिकीवर चिकटवतात ते नाव म्हणजे मात्र आपल्या गाडीवर त्यांची फुकट जाहिरात!

देवगडच्या पेटीत कुठलाही आंबा भरता येतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. इथंही पट्टे आणि बिल्ले सुटे मिळतात. म्हणून आम्ही सलीनचा अनुक्रमांक आणि मूळ कागद मागितले. विकणारा गप्प झाला.

मुलानं साधी मस्टँग जीटी घेतली. वाचलेल्या पैशांतून नवे टायर आणि ब्रेक. रविवारी त्यानं मला फिरवून आणलं. नावाची आठवणही झाली नाही. घरी आल्यावर मी हेअर ड्रायर घेतला आणि कॅमरीवरचं डीलरचं नाव बारा वर्षांनी काढून टाकलं.