आधी उंची, मग वजन

वजनाची तक्रार घेऊन मूल दवाखान्यात क्वचितच येतं. ते येतं सर्दी-खोकल्यासाठी, गुडघा दुखतो म्हणून, नाहीतर शाळेच्या स्पर्धेसाठी डॉक्टरचा दाखला हवा म्हणून. माझा दवाखाना नाशिकच्या सिडकोत आहे. अंबडची औद्योगिक वसाहत जवळ असल्याने येणारी बरीच घरं कारखान्याच्या पाळ्यांवर चालतात. औषध लिहून झालं की मी मुलाला विचारते, "तुझी उंची-वजन घेऊ का?" परवानगी मुलाचीच हवी. वजनकाटा मी मुद्दाम आतल्या खोलीत ठेवला आहे. बाहेर आकडा मोठ्याने वाचला गेला आणि बाकावरचं कुणी हसलं, तर ते मूल पुन्हा काट्यावर पाय ठेवत नाही.

आधी उंची. बूट काढायचे, डोक्यावर बांधलेला अंबाडा सोडायचा, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवायची, नजर समोर. सरळ उभं न राहता मूल जरा वाकलं तरी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक पडतो. बीएमआय काढताना वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात, त्यामुळे ती चूक आणखी वाढते. उंचीतून दुसरंही एक कळतं. खाण्यापिण्यामुळे वजन वाढलेली मुलं वयाच्या मानाने सहसा उंच असतात. मूल जाड आहे आणि ठेंगणंही, किंवा त्याची उंची वाढायची थांबली आहे, असं दिसलं तर ग्रंथींचे आजार शोधावे लागतात. "थायरॉइड करून घेऊ का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. उंची नीट वाढत असेल तर त्या तपासणीतून बहुधा काही निघत नाही.

खोकला घेऊन आलेला एक दहा वर्षांचा मुलगा. उंची १४० सेंटीमीटर, वजन ४९ किलो, म्हणजे बीएमआय २५. मोठ्यांचा तक्ता मुलांना लागू पडत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे आलेख काढले. प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा त्यात आहेत. वरच्या रेषेपलीकडे लठ्ठपणा धरतात आणि या मुलाचा ठिपका त्याच्याही वर पडला. आलेख आईकडे वळवून मी पेन्सिल तिच्या हातात दिली. स्वतः ठिपका दिला की तो डोळ्यांसमोर राहतो.

मग मान पाहिली. मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा होता. आई म्हणाली, "मॅडम, बेसन लावलं, लिंबू लावलं, वजरीने घासलं, मळ निघतच नाही." तो मळ नव्हेच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन तयार करतं, आणि त्या जादा इन्सुलिनने मानेची, काखेची कातडी जाड होते. कितीतरी मुलांच्या मानेची सालं घासून काढलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे सांगायला वेळ घेते: घासू नका, ओरडू नका, पोर अस्वच्छ नाही. नंतर रक्तदाब, तोही मोठ्या पट्ट्याने, कारण दंडाला आखूड पडणारा पट्टा खोटाच वाढीव आकडा दाखवतो. शेवटी दोन प्रश्न: रात्री घोरतो का, वर्गात पेंगतो का?

एवढा वेळ गप्प बसलेल्या आजी मग बोलल्या. "जन्मला तेव्हा सव्वादोन किलोचा होता. किती जपलंय त्याला. आता कुठे अंग धरलंय तर तुम्ही नजर लावता." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास करत आले आहेत. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी बारीक, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. अशा बाळाचं वजन पुढे भराभर वाढलं तर मधुमेहाचा धोका वाढतो. ज्या घराने ग्रॅम-ग्रॅमसाठी रात्री जागवल्या, त्या घराला आता हात आखडता घ्या म्हणायचं आहे. ते खडसावून सांगून जमत नाही. मी आजींना एवढंच म्हटलं, "तुम्ही वाढवलंत म्हणून तो इथवर आला. आता पुढचं काम वेगळं आहे, आणि तेही तुमच्याशिवाय होणार नाही."

वजन उतरवायचं असं मी म्हटलंच नाही. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर उंची वाढते. वर्षभराने तो १४६ सेंटीमीटरचा झाला आणि वजन ४९ वरच राहिलं, तर बीएमआय २५ वरून २३ वर येतो. एक किलोही कमी न करता. हा हिशोब मी मुलाकडूनच फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण तिथे सैल झाला. सगळ्याच मुलांचं एवढ्यावर भागत नाही, पण सुरुवातीला हा आकडा फार धीर देतो.

छापील डाएट चार्ट मी देत नाही. त्याऐवजी महिन्याच्या किराण्याची यादी मागवते. "काय खातो?" या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून येतं आणि आठवण सोयीची असते. यादीत साखर सहा किलो होती, घरात माणसं पाच. म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम, बिस्किटं आणि दुधातली चॉकलेट पावडर धरली तर आणखी वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानेही शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहावं. आम्ही एकच गोष्ट ठरवली: दूध राहील, पावडर जाईल, आणि तीही धाकट्या बहिणीसकट सगळ्यांसाठी. एकाच मुलाच्या हातातून पुडा काढून घेतला की ते मूल चोरून खायला शिकतं.

खरी गाठ सुटली ती वडील आले तेव्हा. त्यांची दुसरी पाळी असली की ते साडेअकराला घरी येतात आणि येताना वडापाव आणतात. त्या आठवड्यात मुलगा बाबांसाठी जागा राहतो, त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा जेवतो आणि सहाला शाळेसाठी उठतो. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. त्याला जेमतेम साडेपाच मिळत होती. झोप मोडली की भूक वाढते आणि ती गोडाधोडावर, तळणावर जाते. पण हे पोर वडापावसाठी जागत नव्हतं, ते बापासाठी जागत होतं. वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी सकाळी उठतो. शाळेत मीच चालत सोडतो." वीस मिनिटांची वाट. यापेक्षा चांगला उपाय मला सुचला नसता.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२३ च्या सूचना सांगतात की वाढत्या वयात आपोआप सुटेल म्हणून वाट पाहू नये, आणि ३ ते १२ महिन्यांत त्या कुटुंबाला किमान २६ तास द्यावेत. मी दर तीन आठवड्यांनी दहा मिनिटं दिली तर वर्षाचे तीन तासही भरत नाहीत. औषधाची चिठ्ठी नसलेल्या भेटीची फी लोकांना जड वाटते, आणि विमा बहुधा दाखल झाल्यावरच पैसे देतो. मधुमेह झाल्यावर पैसा निघतो, तो टाळण्याच्या बोलण्याला मात्र निघत नाही, हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. यावर तोडगा म्हणून गुरुवारी दुपारी चार-पाच कुटुंबांना मी एकत्र बसवते. डब्यात मटकीची उसळ कोरडी कशी ठेवायची, मोबाइलशिवाय जेवण कसं होतं, हे एक आई दुसरीला सांगते तेव्हा ते जास्त पटतं.

दिवाळीनंतर त्या मुलाचं वजन वाढलं असावं, कारण घरचे ठरलेल्या दिवशी आलेच नाहीत. हा टप्पा बहुतेक घरांत येतो आणि पुष्कळ उपचार इथेच सुटतात. सिस्टरने फोन केला: काट्यावर नाही उभं राहिलात तरी चालेल, फक्त या. आठवड्याने आले. उंची घेतली, १४२. वजनाचं मुलानेच काढलं, "घ्या." ५०.५ भरलं. भागाकार त्यानेच केला, २५ च्या किंचित वर. पुढच्या खेपेपर्यंत फरसाणाचा डबा स्वयंपाकघरातून हलवायचा असं ठरलं. कुठे ठेवायचा, ते आजी ठरवणार आहेत.