घरांतील राउटरची तटबंदी

सोलापूरचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराचा आश्रय नसल्यामुळें तो बांधणारांस दुहेरी तट, बुरूज आणि खंदक यांवरच भिस्त ठेवावी लागली. शेजारीं सिद्धेश्वर तलावाचें पाणी आहे. परंतु तट कितीहि भक्कम असला, तरी दरवाजाची किल्ली गांवभर फिरत असेल तर त्याचा उपयोग काय? आज हाच प्रश्न घरोघरच्या एका लहानशा पेटीविषयीं विचारावयास हवा. ती पेटी म्हणजे राउटर.

राउटर हा घर व इंटरनेट यांमधील वेशीवरचा पहारेकरी होय. घरांतील मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच, दारावरचा कॅमेरा या सर्वांचा संदेशव्यवहार त्याच्याच हातून होतो, आणि बाहेरच्या जगास बहुधा या सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो. त्यामुळें वाय-फाय कोणीहि वापरलें, तरी माग लागतो तो घरमालकाच्या दाराशीं.

हें भय काल्पनिक नाहीं. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले. त्यापूर्वीं कांहीं मिनिटें वृत्तसंस्थांकडे धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनीं माग काढला तो नवी मुंबईंतील सानपाडा येथें राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरापर्यंत पोंचला. त्याचा कटाशीं संबंध नव्हता. त्याचें वाय-फाय पुरेसें सुरक्षित नसल्यामुळें परक्यानें तें वापरलें होतें. तरीहि चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागें लागला. पुढील दोन महिन्यांत माटुंग्याचें एक महाविद्यालय व चेंबूरची एक कंपनी यांच्या वाय-फायचाहि असाच दुरुपयोग झाला.

पूर्वीं राउटरला सूचना द्यावयाच्या म्हणजे जाणत्यानें अवघड आज्ञा एकेक करून टंकित कराव्या लागत. आतां चित्रमय व्यवस्थापन-पृष्ठ असतें. घरच्या जोडणीवर ब्राउझर उघडून पेटीखालीं छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, लिहिला कीं तें दिसतें. कित्येक राउटरांसाठीं मोबाईलचें ॲपहि असतें. तेथें खुणा करून व कळा दाबून सारें काम होतें.

पहिलें काम परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, बदलण्याचें. येथें दोन किल्ल्या आहेत: एक वाय-फायची, दुसरी खुद्द व्यवस्थापन-पृष्ठाची. पुष्कळ गृहस्थ पहिली बदलतात व दुसरी विसरतात. कारखान्यांतून आलेला 'ॲडमिन' हा शब्द साऱ्या जगास ठाऊक असतो. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या दुष्ट प्रोग्रॅमनें अशाच साठेक ठरीव जोड्या वापरून असंख्य कॅमेरे व राउटर काबीज केले, आणि २१ ऑक्टोबरला त्या सैन्याच्या हल्ल्यानें अमेरिकेंतील कित्येक मोठीं संकेतस्थळें बंद पडलीं. त्या घरमालकांना आपली पेटी शत्रूच्या चाकरीस लागली आहे याची वार्ताहि नव्हती.

दुसरें काम गुप्तलेखनाच्या पद्धतीचें. पृष्ठावर डब्ल्यूपीए३ दिसल्यास तें निवडावें, नाहींतर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ सालींच भेदली गेली. तिचें कुलूप म्हणजे नुसता देखावा होय. वाय-फायचा शब्द लांब असावा. मुलाचें नांव व जन्मसाल यांची जोडी नसावी.

तिसरें काम डब्ल्यूपीएस बंद करण्याचें. या सोयींत आठ अंकांचा आंकडा असतो. शेवटचा अंक केवळ पडताळ्याचा, म्हणून शक्यता उरतात १ कोटि. एवढ्या शक्यता तपासणें कंटाळवाणें वाटेल. परंतु राउटर आधीं पहिले चार अंक बरोबर कीं चूक तें सांगतो, आणि मग उरलेले तीन. म्हणजे १०,००० अधिक १,०००, मिळून केवळ ११,००० प्रयत्न! हें वैगुण्य २०११ सालीं उघडकीस आलें. साध्या बेरजेनें कुलपाचें मोल किती घटतें तें यावरून कळेल.

यानंतर बाहेरून व्यवस्थापन करण्याची मुभा बंद करावी. यूपीएनपी ही सोय घरांतील यंत्रांना न विचारतां दारें उघडूं देते. गरज नसल्यास तीहि मिटावी. पाहुण्यांस व कॅमेऱ्यासारख्या यंत्रांस निराळें 'अतिथि' वाय-फाय द्यावें. राउटरच्या आंतील प्रोग्रॅमची सुधारित आवृत्ति आपोआप घेण्याची खूण करावी. कंपनीनें ती पुरविणें थांबविलें असेल, तर पेटी बदलणें शहाणपणाचें. जोडलेल्या यंत्रांची यादी महिन्यांतून एकदां पाहावी. अनोळखी नांव दिसलें तर शोध घ्यावा, आणि संशय राहिल्यास परवलीचा शब्द बदलावा.

नवे शब्द वहींत लिहून कपाटांत ठेवण्यास हरकत नाहीं. दूरच्या चोराचा हात तेथवर पोंचत नाहीं. मात्र मागची रीसेटची कळ दाबली गेली, तर केलेली सारी तटबंदी पुसली जाते व कारखान्याची किल्ली पुन्हां लागूं होते, हें तंत्रज्ञ येऊन गेल्यावर विशेष आठवावें.

एवढ्यानें सर्व संकटें टळतात असें नाहीं. फोनवर भुलून ओटीपी सांगणाऱ्याचें रक्षण कोणताहि राउटर करूं शकत नाहीं. ती वेस मनाची आहे. पण अर्ध्या तासाच्या कामानें आपल्या दारांतून दुसऱ्याचा घात होण्याचा धोका पुष्कळ कमी होत असेल, तर तें काम उद्यांवर टाकूं नये.