विभक्त पालकांची अपत्ये आणि सार्वजनिक आरोग्यसाहाय्य : शिधापत्रिकेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्यसाहाय्याच्या योजनांचा विचार करताना रुग्णालये, मान्यताप्राप्त उपचारांची संख्या आणि विमासंरक्षणाची रक्कम यांची पुष्कळ चर्चा होते. या योजनांचा लाभ ज्या घटकाला द्यावयाचा तो घटक कोणता, या प्रश्नाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तो घटक व्यक्ती नसून कुटुंब आहे. आणि कुटुंब म्हणजे व्यवहारात एका शिधापत्रिकेवर नोंदलेली माणसे. पतिपत्नी विभक्त झाली की घर दुभंगते, शिधापत्रिका मात्र आहे तशीच राहते. या मधल्या काळात मूल आजारी पडल्यास त्याच्या उपचाराला आधार कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यासाठी बुलडाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे गाव नजरेसमोर ठेवले आहे. सासर सोडून लेकरासह माहेरी आलेल्या स्त्रीने कोणता कागद घेऊन कोणत्या कचेरीत जावयाचे, हे पाहिल्याखेरीज योजनांची चर्चा अधांतरी राहते.

शिधापत्रिका आरोग्याचा दाखला कशी झाली?

धान्यवाटपासाठी निर्माण झालेला हा कागद आरोग्यसाहाय्याचा पुरावा होण्याची प्रक्रिया हळूहळू घडली. १९९७ मध्ये राज्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिची जागा घेणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत व २१ नोव्हेंबर २०१३ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली. पिवळी आणि केशरी शिधापत्रिका हाच तिचा पात्रतेचा निकष होता. २०१७ मध्ये ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि त्या वेळी अवर्षण व आत्महत्या यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबेही तीत होती. बुलडाणा हा त्या चौदांपैकी एक. १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारक, तसेच शिधापत्रिका नसलेली पण अधिवास प्रमाणपत्र असलेली कुटुंबे पात्र ठरली, आणि दीड लाखाचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपये झाले.

पात्रतेची व्याप्ती अशी वाढत गेली, परंतु एकक बदलले नाही. पाच लाखांची रक्कम कुटुंबातील एकाने वापरावी वा सर्वांनी मिळून वापरावी अशी सामाईक आहे. म्हणजे ज्या मुलाचे नाव पित्याच्या कार्डावर आहे, त्याच्या वाट्याची रक्कम त्याच वर्षी पित्याकडील अन्य कोणाच्या उपचारात खर्च होऊ शकते, आणि दूर राहणाऱ्या आईला त्याचा पत्ता रुग्णालयातील आरोग्यमित्रासमोर बसल्यावरच लागतो.

माहेरची नोंद आणि सासरचे कार्ड

एक कल्पित पण नेहमीचे उदाहरण घेऊ. पिंपळगाव राजाची मुलगी शेजारच्या जिल्ह्यात दिलेली आहे. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची नोंद जन्मस्थळी होते, त्यामुळे बाळाची नोंद माहेरच्या बाजूला आहे. नाव मात्र चढले ते सासरच्या शिधापत्रिकेवर. चार वर्षांनी ती मुलासह परत आली. न्यायालयाचा हुकूमनामा नाही, सोडचिठ्ठी नाही. गावाच्या भाषेत ती फक्त ‘माहेरी असते’. ग्रामीण भागातील विभक्तपणा असा अनेकदा कागदावाचून असतो.

येथे कायद्याचा एक मौजेचा विरोधाभास दिसतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम १३ ने अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुख केले. हेतू स्त्रीच्या हाती कागद देण्याचा होता. एकत्र कुटुंबात ज्येष्ठ स्त्री म्हणजे सासू. तेव्हा घर सोडून आलेल्या सुनेच्या मुलाचा आरोग्याचा कागद ज्यांच्याशी बोलणे बंद झाले, त्यांच्याच ताब्यात राहतो. परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीने, विशेषतः सांगली जिल्ह्यात व संगमनेर परिसरात, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वतंत्र शिधापत्रिकेची मागणी लावून धरली होती. ती केवळ गहू-तांदळाची मागणी नव्हती, हे आज अधिक स्पष्टपणे कळते.

अशा वेळी आप्तेष्टांचा पहिला सल्ला असतो : सासरच्या कार्डातून नावे कमी करून घ्या. प्रस्तुत लेखकाच्या मते हा सल्ला घाईचा आहे. जुन्या कार्डातून नाव वगळल्याचा दाखला आणि नव्या कार्डात नाव चढणे या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या तहसील कार्यालयांत घडतात. त्यांच्या मधल्या आठवड्यांत वा महिन्यांत मूल कोणत्याच कार्डावर नसते. वगळण्याचा अर्ज देण्यापूर्वी आईने खामगाव तहसीलच्या पुरवठा शाखेत नव्या कार्डाची, अथवा माहेरच्या कार्डात नावे समाविष्ट करण्याची, तयारी पूर्ण करावी. अधिवास प्रमाणपत्रही काढून ठेवावे. तोवर जुन्या कार्डाचा क्रमांक, मूळ प्रत नसली तरी, जपून ठेवणे हिताचे. मुलाचा जन्मदाखला तिला माहेरीच मिळतो; पाच वर्षांखालील बालकाच्या आधार नोंदणीस माता-पित्यांपैकी एकाचेच आधार पुरते. स्वतंत्र कार्ड झाले की पाच लाखांची मर्यादाही स्वतंत्र होते, हा लाभ फारसा कोणी सांगत नाही.

‘वडिलांची सही आणा’ हा आणखी एक अडसर. गीता हरिहरन विरुद्ध भारतीय रिझर्व्ह बँक (१९९९) या प्रकरणात मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी आईची सही बँकेने नाकारली होती. पिता मुलाच्या देखभालीपासून प्रत्यक्षात दूर असेल, तर त्याच्या हयातीतही आई ही नैसर्गिक पालक ठरते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला. रोख्यांना जे लागू, ते शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राला लागू नसावे असे म्हणण्यास आधार दिसत नाही.

कार्डावाचून मिळणारे साहाय्य

काही साहाय्य मात्र मुलाच्या स्वतःच्या नावाने मिळते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते : अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. बालक ज्या अंगणवाडीत बसते तेथे पथक येते. ते कोणाच्या कार्डावर आहे हे तपासणीच्या वेळी गौण ठरते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत मुलाला पित्याच्या कागदाची गरज नाही. अडचण उद्भवते ती त्यापुढे. हृदयातील छिद्राचे निदान अंगणवाडीत मुलाच्या नावाने होते, पण शस्त्रक्रिया संलग्न खासगी रुग्णालयात करावयाची झाल्यास पुष्कळदा पुन्हा शिधापत्रिकाच विचारली जाते.

न्यायालयाकडून काय मिळते, काय मिळत नाही

भारतीय कायद्यात मुलाच्या औषधोपचाराचा खर्च निर्वाहातच अंतर्भूत आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम ३ मधील निर्वाहाच्या व्याख्येत वैद्यकीय उपचार स्पष्टपणे नमूद आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० खाली दंडाधिकारी वैद्यकीय खर्च देववू शकतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली (योगायोगाने आरोग्य योजनेचा विस्तारही त्याच दिवसापासूनचा). हे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे. पत्नी राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येत असल्याने पती सुरतेस असला तरी पिंपळगाव राजाच्या स्त्रीला खामगावच्या पुढे जावे लागत नाही. आणि १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये स्त्रीस व बालकास मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या रजनीश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) या प्रकरणात उभय पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे ठरले. त्याच्या नमुन्यात अवलंबितांच्या आजारपणाचा तपशीलही विचारला आहे. अर्ज लिहिताना वकिलांनी हा रकाना कोरा सोडू नये.

तथापि न्यायालय देते ते पैसे, विमासंरक्षण नव्हे. अमेरिकेत १९९३ च्या संघीय कायद्याने न्यायालयाला असा आदेश देण्याची सोय केली की, मूल पित्याजवळ राहत नसले तरी त्याच्या नोकरीतील आरोग्यविम्यात त्याला समाविष्ट करावे, आणि मूल सांभाळणाऱ्या आईला परस्पर दावा दाखल करता यावा. आपल्याकडे नोकरदार पित्याच्या सामूहिक विम्यातून मुलाचे नाव उतरले तर आईला त्याची सूचना देण्याचे बंधन कोणावर आहे, हे शोधूनही सापडत नाही. आपली अर्थव्यवस्था निराळी, त्यामुळे ती रचना जशीच्या तशी येथे रुजणार नाही. मुलाचा हक्क त्याच्या निवासापासून सुटा करण्याचे तिचे तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे.

तसे करण्यास नवा कायदा लागेलच असे नाही. महात्मा फुले योजनेत अनाथाश्रमातील मुले व शासकीय आश्रमशाळांतील विद्यार्थी यांचा स्वतंत्र गट आधीच आहे. त्यांना कुटुंबाचे कार्ड विचारले जात नाही. दुसऱ्या बाजूस क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या, म्हणजे घटस्फोटित व परित्यक्ता मातांच्याही, मुलांना २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे अर्ज होतो, घरी जाऊन सामाजिक तपासणी होते आणि बालकल्याण समिती आदेश देते. मूल कोणाजवळ राहते व दुसरा पालक का नाही, हे त्या आदेशात शासनाच्याच यंत्रणेने पडताळलेले असते. हाच आदेश आरोग्य योजनेच्या पात्रतेचा पुरावा म्हणून ग्राह्य धरला, तर नव्या चौकशीची आवश्यकता उरत नाही. पिंपळगाव राजाच्या त्या आईला सासूकडचे कार्ड मागावे लागणार नाही, आणि दोन तहसिलींच्या मधल्या काळात मूल आजारी पडले तरी आरोग्यमित्रासमोर ठेवण्यास तिच्या हाती एक कागद असेल.