गाडीला फासलेली राखड

“गाडीले राखड फासली का वो बाई?”

गेल्या मे महिन्यात अंगणात बसल्या बसल्या सासूबाईंनी विचारलं आणि मी आमच्या आठशेकडे जरा नीट पाहिलं. पांढरा रंग अजून बरा होता. पण पुढचा-मागचा बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची काळी टोपणं, सगळं राखी पडलेलं. बोट फिरवलं तर बोटाला करडी भुकटी!

दिघोरी म्हटलं की लोकांना नागपूरचा दिघोरी नाका आठवतो. आमची दिघोरी भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि गाडीला छप्पर म्हणाल तर कडुनिंबाची सावली, तीही दुपारी गोठ्याकडे सरकते.

आता ही गाडी ‘आमची’ म्हणाले खरी, पण ती माझी आहे. शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच्या पैशांतून सेकंडहँड घेतलेली. वयाच्या ५८व्या वर्षी चालवायला शिकले, तेव्हा पारावरची मंडळी रस्ता सोडून उभी राहायची! मारुती आठशे १९८३ साली आली आणि २०१४ साली बनायची थांबली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक आठशे म्हातारीच. पण सासूबाईंना ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात न्यायचं तर मला कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

मुलाचा धोशा होता, “आई, विकून टाक.” त्याच्यासाठी एक गिऱ्हाईक बोलावलंही. त्या गृहस्थांनी बंपरवरून हात फिरवला, तळहात मला दाखवला. “मॅडम, गाडी उन्हानं खाल्ली. भंगाराचा भाव देतो.” बॉनेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. मला ते फार लागलं. भाव राहू द्या, आधी ही राखड काढायची, असं मी ठरवलं.

गॅरेजमधल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “काकू, डिझेल मारा जी, चकाचक होते.” होतं खरं, दोन दिवस. नंतर त्यावर धूळ बसते आणि डिझेल दारा-काचांच्या रबरात मुरलं तर रबर फुगतं. शेजारणीने खोबरेल तेल सुचवलं. तेही केलं. पहिल्याच धुण्यात गेलं. कुणी तर गरम हवेच्या मशीनने प्लास्टिक शेकायला सांगितलं. त्याने आतला तेलकटपणा वर येऊन काळं दिसतं, पण जरा चुकलं की बंपर वाकडा. मी नाही केलं, तुम्हीही करू नका.

मग डोकं चाललं ते शाळेतल्या पाटीमुळे. कोरडी पाटी पांढुरकी दिसते, ओला बोळा फिरवला की काळीभोर. बंपरचंही तसंच. हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं, उन्हाला टिकावं म्हणून त्यात काजळी घातलेली असते. तरी वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांनी वरचा थर झिजतो, बारीक भेगा पडतात. त्या खडबडीत अंगावर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. म्हणून आधी पाण्याचा हात फिरवून बघावा. ओलं झाल्यावर काळं दिसलं, तर समजायचं की गाडीत अजून जीव आहे.

सकाळी सहाला, प्लास्टिक गार असताना, सौम्य शाम्पू आणि जुना टूथब्रश घेऊन बसले. खाचांमधून इतका चिखल निघाला की लाज वाटली! जिथे रंगाचं पॉलिश चुकून प्लास्टिकवर गेलं होतं, तिथले पांढरे डाग ब्रशने हलेनात. ते चक्क खोडरबरने निघाले. ३० वर्षं मुलांच्या वह्या तपासल्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आता वर लावायचं काय? बाजारात सिलिकॉनची पॉलिशं मिळतात, पण ती काही आठवड्यांत उतरतात. मला आठवलं जवस. आमच्याकडे धान कापायच्या आधी बांधीत उतेरा म्हणून लाखोरी-जवस टाकतात, चटणी तर रोजचीच. आणि जवसाचं तेल हवेत सुकून पापुद्रा धरतं. मात्र खायचं तेल वाळायला फार दिवस घेतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते घ्यावं. रंगावर जाऊ नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावली, खालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी करून पाहिलं, मग अगदी पातळ हात दिला. वीसेक मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढलं. इथे कंजूषपणाच चांगला. जाड हात दिलात तर माशीसुद्धा चिकटेल.

आणि मग मी मूर्खपणा केला. तेलाची फडकी चुरगाळून गोठ्याच्या कोपऱ्यात फेकली, तणशीच्या ढिगाजवळ. दुपारी सासूबाई म्हणाल्या, “काही जळते का वो?” जाऊन हात लावला तर फडकी आतून चांगलीच तापलेली! जवसाचं तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि उष्णता सोडतं. चुरगाळलेल्या फडक्यात ती अडकते आणि काडी न लावताही पेट घेऊ शकते. तणस, गोठा, आतली गाय... रात्री मला झोप लागली नाही. फडकी नेहमी बाहेर, एकेक मोकळी पसरून वाळवावी, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावी.

दोन दिवसांनी बंपर काळा झाला. नव्यासारखा नाही, पण काळा. पावसाळा टिकला, दिवाळीनंतर पुन्हा एक हात द्यावा लागला.

ते गिऱ्हाईक मध्ये एकदा लाखांदूरच्या बाजारात भेटलं. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणालं, “मॅडम, आता भाव बोला.” मी म्हटलं, दवाखान्याची वेळ झाली आहे. सासूबाई तोवर पुढच्या सीटवर बसल्याही होत्या. डब्यातलं उरलेलं तेल त्यांनी घराच्या चौकटीसाठी मागून घेतलंय.