जुन्या जीपगाडीस डिस्क ब्रेक बसविण्याविषयी

खेडोपाडी ज्या जुन्या जीपगाड्या अद्याप वापरात आहेत, त्यांची इंजिने बहुधा मालकांनी चांगली जपलेली असतात. ब्रेकांकडे मात्र तितके लक्ष पुरविले जात नाही. इंजिन बिघडले असता गाडी जागच्या जागी उभी राहते. ब्रेक बिघडला असता ती उभी राहत नाही, हा दोहोंतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. अलीकडे अशा गाड्यांचे ड्रम काढून पुढील चाकांस डिस्क बसविण्याकडे पुष्कळांचा कल होऊ लागला आहे. हा फेरफार हितावह आहे. परंतु तो अर्धवट केल्यास पूर्वीच्या ब्रेकांपेक्षाही अधिक धोक्याचा ठरतो. म्हणून त्यातील मर्म येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

विलीज कंपनीच्या जीपगाड्या मुंबईत जोडण्यास १९४९ साली प्रारंभ झाला. त्या नमुन्यांच्या चारही चाकांस ड्रमचेच ब्रेक असत. त्या काळी ही रीत सार्वत्रिक होती. अमेरिकेत १९६४ साली निघालेल्या पाँटिॲक जीटीओसारख्या मोठ्या इंजिनाच्या वेगवान गाडीसही चारही ड्रमच होते, आणि पुढील चाकांस डिस्क मिळण्याची सोय १९६७ पासून, तीही जादा मोल देऊन, झाली. तिकडील हौशी लोक आजही त्या गाड्यांस डिस्क बसवितात. आपल्या जीपेस तो वेग नाही. पण घाटाचा उतार, ओढ्याचे पाणी आणि पाठीमागे जोडलेला ट्रेलर ही तिची परीक्षा कमी कठीण नव्हे.

ब्रेकचे काम म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे होय. माणसे व माल धरून १५०० किलो वजनाची जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता एकदम थांबविली, तर जी उष्णता निघते तिच्यात साधारण पाऊण शेर म्हणजे दोन तृतीयांश लिटर पाणी उकळीस येईल. वेग दुप्पट केला की ही उष्णता चौपट होते. तीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकांवर उतरविली, तर सुमारे १४ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता ब्रेकांस सोसावी लागते. कोकणात उतरणारे आपले बरेच घाट याहून पुष्कळ उंच आहेत.

ड्रममध्ये ही उष्णता कोंडून राहते. शू आतून बाहेरच्या बाजूस दाबले जातात आणि तापलेला ड्रम फुगून त्यांच्यापासून दूर सरकतो; त्यामुळे पेडल अधिकाधिक खाली जाऊ लागते. त्यातच तापलेल्या लायनरची पकड कमी होते. ओढ्यातून गाडी काढली की पाणी ड्रममध्ये साचते आणि काही वेळ ब्रेक लागतच नाहीत. तरीही ड्रममध्ये एक मोठा गुण आहे. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने असलेला शू ड्रमबरोबर ओढला जाऊन आपण होऊन अधिक घट्ट बसतो, त्यामुळे पायाला श्रम कमी पडतात.

डिस्कची रचना याच्या उलट आहे. उघड्यावर फिरणाऱ्या लोखंडी चकतीस कॅलिपरमधील दोन पॅड दोहों बाजूंनी चिमटीत धरतात. वारा लागल्याने चकती लवकर निवते, पाणी बाहेर फेकले जाते, आणि चकती तापून फुगली तरी ती पॅडांच्या बाजूसच फुगते. मात्र आपण होऊन घट्ट बसण्याचा ड्रमचा गुण तिच्यात नाही. सर्व जोर बाहेरूनच पुरवावा लागतो. पुढील सर्व भानगड या एका गोष्टीतून उद्भवते.

पहिली बाब जोराची. डिस्कला लागणारा अधिक दाब पुरविण्यासाठी बहुधा बूस्टर बसवावा लागतो, आणि तो हवेच्या पोकळीवर म्हणजे व्हॅक्युमवर चालतो. पेट्रोलच्या इंजिनात ही पोकळी हवा आत घेण्याच्या नळीतून सहज मिळते. डिझेलच्या इंजिनात ती मिळत नाही. तेथे निराळा व्हॅक्युम पंप हवा. आपल्याकडील पुष्कळ डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीशी जोडलेला असतो. पंपावाचून बूस्टर बसविणे म्हणजे पैसे खर्चून ओझे वाहणे होय. बूस्टर चालतो की नाही हे पाहण्यासाठी इंजिन बंद असता पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक समजावा. इंजिन बंद पडल्यावर बूस्टरची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून डिझेल वाचविण्याच्या लोभाने उतारावर इंजिन बंद करणे हे अशा गाडीत प्राणावर बेतणारे आहे.

दुसरी बाब मास्टर सिलिंडरची. कॅलिपरचा दट्ट्या मोठा असल्याने त्यास ब्रेक ऑइल अधिक लागते. जुना सिलिंडर ते पुरवू शकला नाही तर पेडल तळाशी जाऊन टेकते. यावर केवळ मोठा सिलिंडर घेणे हा उपाय पुरा नव्हे. पाऊण इंचाच्या जागी एक इंच व्यासाचा घेतला, तर पायाचा तोच जोर असता दाब १६ वरून ९ वर येतो. म्हणून सिलिंडर, कॅलिपर व बूस्टर यांचे माप एकमेकांशी जुळते घ्यावे. सिलिंडर दोन कप्प्यांचाच असावा, म्हणजे एका बाजूची नळी फुटली तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक शाबूत राहतात. जुन्या जीपेत सर्व चाके एकाच कप्प्यावर अवलंबून असतात. हा दोष डिस्क न बसविताही दूर करण्यासारखा आहे.

तिसरी बाब लहान दिसते, पण तीच बहुधा विसरली जाते. ड्रमच्या सिलिंडरात नळीतील थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो. हा दाब चौरस इंचास सुमारे १० पौंड असतो. तोच डिस्कच्या नळीवर राहिला, तर पॅड चकतीस सतत घासत राहतात व चाक तापते. उलटपक्षी, जुन्या जीपेत मास्टर सिलिंडर पायाखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असतो. तेथे काहीच व्हॉल्व्ह नसेल, तर ऑइल मागे उतरून पहिला दाब वाया जातो. अशा ठिकाणी पुढील नळीवर २ पौंडांचा, व मागील ड्रमच्या नळीवर १० पौंडांचा व्हॉल्व्ह असावयास पाहिजे.

चौथी बाब मागील चाकांची. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबविण्याचे बहुतेक काम पुढील चाके करतात. म्हणून मागे ड्रम ठेवले तरी चालते. परंतु वाढलेला दाब मागील ड्रमवर जसाच्या तसा गेला, तर मागील चाके आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी फिरते. मागील नळीवरील दाब आवरणारा व्हॉल्व्ह बसवून तो अशा रीतीने जुळवावा की पुढील चाके नेहमी आधी जाम व्हावीत.

आता जोडणीविषयी. रिम कॅलिपरला घासत नाही ना, व स्टेअरिंग दोन्ही टोकांस वळविले असता रबरी नळी ताणत नाही ना, हे आधी पाहावे. कॅलिपर धरणारा कंस कोणत्याही पत्र्याचा कापून वेल्डिंगने जोडू नये. त्या गाडीच्या धुऱ्यासाठी तयार केलेलाच घ्यावा. कॅलिपरवरील हवा काढण्याचा निपल वरच्या बाजूस यावा; डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला तर तो खाली येतो, हवा आत अडकते आणि पेडल मऊ राहते. जुन्या लायनरांच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिनचे किंवा हायड्रॉलिकचे तेल कदापि घालू नये, कारण त्याने रबर फुगून सर्व यंत्रणा निकामी होते. खरे ब्रेक ऑइलही हवेतील ओल शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश असतो, तो ओलीने १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. यास्तव दर दोन वर्षांनी ते बदलावे.

काम पुरे झाल्यावर गाडी प्रथम मोकळ्या सपाट जागी, रिकामी व सावकाश चालवून पाहावी. नवे पॅड चकतीवर नीट बसेपर्यंत घाटात किंवा ट्रेलर जोडून जाऊ नये. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, नोंदणीतील तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून खर्च करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे होय.

ज्यांची गाडी केवळ घर ते शेत इतकीच फिरते, त्यांस हा सर्व खर्च करण्याचे कारण नाही. त्यांनी ड्रम गोल आहेत ना हे पाहावे, नवे लायनर घालावेत, गळके व्हील सिलिंडर बदलावेत, आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवून घ्यावा. पुष्कळांची ब्रेकविषयीची तक्रार एवढ्यानेच मिटेल. ज्यांस भरल्या गाडीने घाट उतरावा लागतो त्यांनी डिस्क अवश्य बसवावेत. मात्र वर सांगितलेल्या चारही बाबींची व्यवस्था एकाच वेळी करावी. तितके पैसे हाताशी नसतील, तर ते जमेपर्यंत जुने ड्रमच नीट राखावेत. आणि ब्रेक कोणतेही असोत, उतारास लागण्यापूर्वी खालचा गिअर टाकावा. इंजिनाने धरलेला भार ब्रेकांस सोसावा लागत नाही.