खरवस, वासरू आणि घटसर्पाची लस

मृगाच्या आधी कंधार किंवा देवणीकडच्या एखाद्या गावात गेलो, की लाल कंधारी आणि देवणी गुरांना घटसर्पाची लस टोचणे चाललेले दिसते. तीन महिन्यांचे वासरू मात्र बाजूला काढतात. सर्वांत नाजूक जीवच का वगळायचा? वर्गातली मुलेही हाच प्रश्न विचारतील.

आधी नावाचा घोटाळा मिटवू. माणसांतल्या डिप्थेरियालाही आपण घटसर्पच म्हणतो. पण त्याचा जंतू निराळा, लसही निराळी. गुरांचा घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा या जीवाणूमुळे होतो. (कोंबड्यांना छळणाऱ्या याच्याच भाऊबंदावर लुई पाश्चरने १८८० च्या सुमारास लस तयार केली होती.) धडधाकट जनावराच्या घशातही तो मुक्काम करून असतो. पावसाळी ओल, उपासमार, कामाचा ताण यांनी जनावर खचले, की उचल खातो. ताप चढतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि पुष्कळदा दिवसभरात दावे रिकामे होते. उपचाराला वेळच मिळत नाही.

आता वासराकडे वळू. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे जन्माआधीच वारेतून मिळतात. गाईची वार ती जाऊ देत नाही. त्यामुळे वासरू जवळजवळ कोरेच जन्मते. त्याची शिदोरी असते चिकात. सुरुवातीचे काही तास ही प्रथिने वासराच्या आतड्यातून न पचता सरळ रक्तात जातात. दिवसभरात हे दार बंद होते. २० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी सुमारे २ लिटर चीक हवा, तोही शक्य तितक्या लवकर. वार पडेपर्यंत वासरू थानाला लावू नये, ही समजूत वासरांच्या मुळावर येते. शेजारून आलेला खरवस आम्हीही आवडीने खातो. पण वासराचे पोट आधी भरले ना, हे विचारून.

आईची प्रतिपिंडे काही महिने टिकतात. ती असताना लस टोचली, तर लसीतल्या मारलेल्या जीवाणूंना तीच गाठतात आणि वासराचे शरीर स्वतः काही शिकत नाही. म्हणून सहा महिन्यांची अट.

खरी अडचण पुढे आहे. मार्चमध्ये जन्मलेले वासरू जूनमध्ये तीन महिन्यांचे, सप्टेंबरात सहा. तोवर टोचणारे गावातून गेलेले, आईची शिदोरी संपत आलेली, पाऊस मात्र चालूच. सहा महिने ते दोन वर्षे हेच तर या रोगाला जास्त बळी पडण्याचे वय. गावात साथ असेल, तर लहान वासराला आधीच टोचायचे का, हे पशुवैद्य ठरवतील. एरवी गाय असलेल्या मुलांनी वासराची जन्मतारीख वहीत लिहावी, सहा महिने मोजावेत आणि वडिलांना दवाखान्याची आठवण करावी.